सादृश्य आणि तादात्म्य : वेबपृष्ठावरील घटक-समुच्चय व ॲरे यांच्या संबंधाची चिकित्सा

वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीची स्थापना १९३६ साली झाली. तिच्या प्रकाशनांतून दीर्घकाळ एक लेखनविशेष आढळत असे. ‘इ, ई, उ, ऊ, ए, ऐ’ ही स्वतंत्र स्वराक्षरे वगळून त्यांच्या जागी ‘अि, अी, अु, अू, अे, अै’ अशी रूपे छापली जात. ‘अ’ची बाराखडी या नावाने ही सुधारणा परिचित आहे. काका कालेलकर हे तिचे एक प्रमुख पुरस्कर्ते, आणि मराठीत वि. दा. सावरकरांनीही तिचा हिरिरीने प्रचार केला. तिच्यामागील तर्क सरळ होता. वेलांटी, उकार व मात्रा ही चिन्हे ‘क’ला लागतात, ‘म’ला लागतात, मग ती ‘अ’लाच का लागू नयेत? ‘आ, ओ, औ’ या अक्षरांत तशी ती लागलेली दिसतातच. तोच नियम उरलेल्या स्वरांपर्यंत नेला, की छापखान्यातील खिळे कमी होतील आणि नवशिक्याच्या स्मरणावरील भारही हलका होईल. तथापि संयुक्त प्रांत सरकारने १९४७ साली नेमलेल्या आचार्य नरेंद्र देव समितीने ही सूचना स्वीकारली नाही, आणि आज मराठी व हिंदी या दोन्ही भाषांच्या प्रमाणलेखनात जुनी स्वराक्षरेच नांदत आहेत.

या प्रकरणातील वाद वरवर पाहता लिपीचा होता. परंतु त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न अधिक व्यापक आहे. एका जातीच्या वस्तूंसाठी घडविलेले नियम दुसऱ्या जातीच्या, पण तशाच दिसणाऱ्या वस्तूंना लावावेत काय? लावल्यास ती दुसरी वस्तू पहिलीसारखी झाली असे म्हणावयाचे, की पहिलीच झाली असे म्हणावयाचे? संगणकाच्या क्षेत्रात हाच प्रश्न वेबपृष्ठांच्या संदर्भात सुमारे दोन दशके गाजत राहिला. जावास्क्रिप्ट या भाषेतील ‘ॲरे’ आणि वेबपृष्ठावरील घटकांचे ‘समुच्चय’ यांचा संबंध हा तो प्रश्न होय. त्याची तांत्रिक उत्तरे आता पुष्कळ उपलब्ध आहेत. परंतु त्या उत्तरांत सादृश्य आणि तादात्म्य यांची जी सरमिसळ झाली, तिची चिकित्सा क्वचितच झालेली आढळते. ती करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दोन कुळे

प्रथम या दोन वस्तूंची कुळे पाहिली पाहिजेत. जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप कंपनीत घडविली. तिची ‘एकमा-२६२’ ही प्रमाणसंहिता १९९७ साली प्रथम प्रसिद्ध झाली. या भाषेत अनेक मूल्ये क्रमाने साठविण्यासाठी जी रचना आहे तिला ॲरे म्हणतात. ॲरेतील स्थाने शून्यापासून मोजली जातात. ‘लेंग्थ’ या गुणधर्मात तिची लांबी नोंदलेली असते. आणि तिच्या अंगी काही क्रिया असतात, ज्यांना व्यवहारात मेथड म्हणतात. शेवटी भर घालणे, तुकडा काढणे, उलट क्रम लावणे, प्रत्येक सदस्यावर एखादे कार्य करणे, काही सदस्य निवडून घेणे, या त्या क्रिया होत.

दुसरी वस्तू निराळ्या घरात जन्मली. वेबपृष्ठावरील परिच्छेद, चित्रे, तक्ते, दुवे इत्यादी घटकांना बाहेरून हात घालता यावा म्हणून वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने ‘डॉक्युमेंट ऑब्जेक्ट मॉडेल’ नावाची व्यवस्था सिद्ध केली. तिची पहिली पातळी १ ऑक्टोबर १९९८ रोजी शिफारस म्हणून प्रसिद्ध झाली. ही व्यवस्था कोणत्याही एका संगणकभाषेसाठी नव्हती. तिची व्याख्या तटस्थ वर्णनभाषेत करण्यात आली आणि जावा व एकमास्क्रिप्ट या दोहोंसाठी तिची रूपे देण्यात आली. साहजिकच ‘या नावाचे सर्व घटक द्या’ असे विचारले असता मिळणारे उत्तर जावास्क्रिप्टच्या ॲरेच्या रूपात देणे तिला शक्य नव्हते. तिने ‘नोडलिस्ट’ व ‘एचटीएमएलकलेक्शन’ असे आपले स्वतंत्र समुच्चय निर्माण केले. त्यांना लांबी दिली आणि स्थानांक सांगून सदस्य मागण्याची सोय दिली. परंतु ॲरेच्या क्रिया दिल्या नाहीत.

जावास्क्रिप्टमधून पाहिले असता या समुच्चयांचे रूप ॲरेशी हुबेहूब जुळते. चौकटी कंसात शून्य लिहिले की पहिला घटक मिळतो. लेंग्थ विचारली की संख्या मिळते. परंतु ‘यातील प्रत्येक घटकावर अमुक कर’ असे ॲरेच्या बोलीत सांगताच, अशी क्रिया येथे नाही, असे उत्तर मिळते. रूप एक, व्याकरण निराळे. समोच्चारी शब्दांच्या बाबतीत भाषेच्या विद्यार्थ्याला हा अनुभव नवा नाही. ‘कर’ हे हाताचे नाव, ‘कर’ हे सरकारी देण्याचे नाव आणि ‘कर’ हे क्रियापदाचे आज्ञार्थी रूप. उच्चार एक म्हणून त्यांचे प्रत्यय एक होत नाहीत.

‘वत्’चा अर्थ

अशा समुच्चयांना संगणकशास्त्रात ‘ॲरेसारखे’ म्हणण्याची प्रथा आहे. हा ‘सारखे’ शब्द काळजीपूर्वक तपासला पाहिजे. संस्कृत व्याकरणपरंपरेने त्याचा जितका सूक्ष्म विचार केला आहे तितका अन्यत्र क्वचितच झाला असेल. जे मुळात तसे नाही त्याला तसे मानून त्याचे कार्य करणे, या व्यवहाराला त्या परंपरेत ‘अतिदेश’ म्हणतात, आणि ‘वत्’ हा प्रत्यय त्याचे चिन्ह होय. अतिदेशाचे प्रकारही सांगितलेले आहेत. केवळ कार्यापुरते सारखेपण असेल तर तो कार्यातिदेश; रूपच बदलून दिले असेल तर रूपातिदेश; आणि एक वस्तू दुसरीच आहे असे मानले असेल तर तादात्म्यातिदेश.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की या परंपरेत सादृश्याला मर्यादा घातलेली असते. एका वर्णाच्या किंवा शब्दाच्या जागी आलेला आदेश हा मूळ स्थानीप्रमाणे मानावा, असे पाणिनीने सांगितले. परंतु जेथे कार्य प्रत्यक्ष वर्णाच्या स्वरूपावरच अवलंबून असेल तेथे तसे मानू नये, हेही त्याच ठिकाणी सांगितले. म्हणजे ‘सारखे माना’ या आज्ञेबरोबरच ‘कोठवर’ याचेही उत्तर दिले. घटक-समुच्चयांना ॲरेप्रमाणे वागविण्याच्या आधुनिक उपायांत उणीव राहिली ती नेमकी येथे. त्यांनी ‘वत्’ स्वीकारला. ‘कोठवर’ हा प्रश्न पुष्कळदा सोडून दिला.

चार उपाय

या उपायांचे स्थूलमानाने चार वर्ग पडतात : उसनवारी, प्रतिलिपी, वेष्टन आणि कलम.

उसनवारीचा आधार खुद्द प्रमाणसंहितेतच आहे. ॲरेच्या बहुतेक क्रिया जाणूनबुजून सर्वसाधारण ठेवल्या आहेत, असे संहिता सांगते. त्या क्रिया समोरची वस्तू खरोखर ॲरे आहे काय हे विचारत नाहीत. तिला लांबी आहे व स्थानांक आहेत एवढेच पाहतात. म्हणून ॲरेच्या घरची क्रिया उचलून ‘कॉल’ या साधनाने समुच्चयावर चालविता येते. देवनागरीतील वेलांटी ज्याप्रमाणे तिच्याखालचे व्यंजन कोणते हे विचारीत नाही, त्याप्रमाणेच हे आहे. हा शुद्ध कार्यातिदेश होय. वस्तूचे नाव बदलत नाही, रूप बदलत नाही. त्या एका कार्यापुरते तिला ॲरेवत् मानले जाते.

प्रतिलिपीचा मार्ग याहून एक पाऊल पुढे जातो. ‘स्लाइस’ ही तुकडा काढण्याची क्रिया समुच्चयावर चालविली आणि कोठून कोठपर्यंत हे सांगितले नाही, तर ती सर्व सदस्यांचा एक नवा, खराखुरा ॲरे तयार करून देते. अनेक वर्षे हाच सर्वमान्य प्रघात होता. त्यालाही एक अडचण होती. ब्राउझरने पुरविलेल्या परक्या वस्तूंवर ही क्रिया चालेल की नाही हे त्या त्या ब्राउझरवर अवलंबून राहील, असे संहितेच्या १९९९ व २००९ या दोन्ही आवृत्त्यांत म्हटले होते. इंटरनेट एक्स्प्लोररच्या आठव्या आवृत्तीपर्यंत ती चालत नसे आणि एकेक घटक हाताने उचलून नव्या ॲरेत ठेवावा लागे. २०१५ च्या सहाव्या आवृत्तीने ‘ॲरे.फ्रॉम’ ही स्वतंत्र सोय व तीन टिंबांचे विस्तारचिन्ह दिले, आणि प्रतिलिपी हा आडमार्ग न राहता राजमार्ग झाला.

वेष्टनाचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे जॉन रेसिग यांनी २००६ साली प्रसृत केलेले जेक्वेरी. त्याने समुच्चयाला ॲरे करण्याचा खटाटोप केला नाही. घटकांभोवती आपली तिसरीच वस्तू गुंडाळली आणि तिला स्वतःच्या क्रिया दिल्या. ही भूमिका प्रामाणिक होती; परंतु नव्या वस्तूबरोबर नवे व्याकरणही आले. ॲरेच्या ‘फॉरईच’ या क्रियेत कार्याला प्रथम सदस्य व नंतर त्याचा स्थानांक मिळतो. जेक्वेरीच्या ‘ईच’ या क्रियेत प्रथम स्थानांक व नंतर सदस्य मिळतो. नावे सख्ख्या बहिणींसारखी आणि पदक्रम उलटा. दोन्ही बोली एकाच दिवशी बोलणाऱ्याच्या हातून त्यांची गल्लत होणे अटळ होते.

चौथा उपाय कलमाचा. समुच्चयांच्या मूळ साच्यावरच, म्हणजे ज्याला प्रोटोटाइप म्हणतात त्यावर, ॲरेच्या क्रिया चिकटवून द्यावयाच्या, की त्या जातीची प्रत्येक वस्तू पुढे त्या क्रिया घेऊनच जन्माला येते. लिहिणाऱ्याला हा उपाय सर्वांत सुखद वाटतो. परंतु चारांपैकी सर्वांत सदोष उपायही हाच, असे दिसून येते. तो कार्यातिदेशाच्या वेषात तादात्म्यातिदेश करतो. वाचणाऱ्याच्या समोर असलेली वस्तू मुळात कोणत्या जातीची आहे, याची खूणच तो पुसून टाकतो.

जिवंत समुच्चय

ती खूण पुसली गेल्याने बिघडते काय, हा आक्षेप येथे येईल. त्याचे उत्तर समुच्चयाच्या एका गुणधर्मात आहे. १९९८ च्या व्यवस्थेने निर्माण केलेले समुच्चय जिवंत आहेत. ॲरे ही एकदा केलेली नोंद असते. जिवंत समुच्चय हा सतत विचारला जाणारा प्रश्न असतो. पृष्ठात बदल झाला, की समुच्चयही त्याच क्षणी बदलतो. कोणी त्यात काही घातले किंवा त्यातून काही काढले म्हणून तो बदलत नाही. प्रश्न तोच राहून त्याचे उत्तर बदलते म्हणून तो बदलतो.

याचा व्यवहारात काय परिणाम होतो हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, वर्धा जिल्ह्यातील कापसाच्या शेतीशी निगडित असलेल्या शब्दांचा एक छोटा कोश वेबपृष्ठावर सिद्ध होत आहे. ज्या नोंदींची तपासणी व्हावयाची आहे त्यांवर ‘अपूर्ण’ अशा वर्गाची खूण आहे. पऱ्हाटी, सरकी, वखर, डवरा, तिफण आणि ढेप अशा सहा नोंदी आहेत. तपासणी करून प्रत्येक नोंदीवरील खूण काढून टाकणारा एक साधा कार्यक्रम लिहिला जातो. तो ‘अपूर्ण’ वर्गाचा जिवंत समुच्चय मागतो आणि शून्यापासून आरंभ करून लांबी संपेपर्यंत एकेक स्थान चालत जातो.

शून्य स्थानी पऱ्हाटी आहे. तिची तपासणी होते, खूण जाते, आणि ती तत्क्षणी समुच्चयातून बाहेर पडते. आता शून्य स्थानी सरकी सरकलेली असते. परंतु कार्यक्रम पुढे एक या स्थानावर जातो, आणि तेथे त्याला वखर भेटतो. वखर बाहेर पडतो, आणि दोन या स्थानावर तिफण भेटते. तीही बाहेर पडते. आता समुच्चयात तीनच नोंदी उरल्या आहेत आणि कार्यक्रम तीन या स्थानावर येऊन ठेपला आहे. लांबी संपली असे समजून तो थांबतो. सरकी, डवरा व ढेप या तीन नोंदी तपासणीविना राहतात. चूक झाल्याचा एकही संदेश उमटत नाही. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने काम पूर्ण झालेले असते.

येथे सहाच शब्द असल्यामुळे दोष डोळ्यांना दिसतो. सहा हजार नोंदींच्या संग्रहात तो दिसणार नाही. बोलीच्या कोशात जो शब्द गाळला गेला त्याची दखल घेण्यासाठी पुष्कळदा दुसरे साधन उरलेले नसते. कारण तो शब्द ज्यांच्या तोंडी होता त्यांची पिढीच मागे पडलेली असते. याच्या उलट बाजूचा दोषही संभवतो. जिवंत समुच्चयावरून चालत असता प्रत्येक पावलाला त्याच जातीचा एक नवा घटक पृष्ठाच्या शेवटी जोडला, तर लांबी पावलागणिक वाढत जाते आणि चालणे कधीच संपत नाही. हा दोष निदान लपून तरी राहत नाही. पहिला मात्र मुका असतो, आणि म्हणून अधिक घातक.

आता चारही उपाय या कसोटीवर लावून पाहावेत. प्रतिलिपी केली असती, तर सहाही नोंदी नव्या ॲरेत स्थिर झाल्या असत्या आणि एकही गळली नसती. वेष्टनाच्या मार्गानेही हेच झाले असते. कारण जेक्वेरी घटकांची नोंद करून घेते, प्रश्न जिवंत ठेवीत नाही. उसनवारीने मात्र दोष टळला नसता. ‘फॉरईच’ उसना घेऊन तो थेट जिवंत समुच्चयावर चालविला, तर तेच तीन शब्द गळतात. फक्त कार्यक्रम अधिक सुबक दिसतो. कलमाच्या बाबतीत दोष तर राहतोच, शिवाय तो कोठे शोधावा याचा मागही बुजतो. कारण तेथे उसनवारीची खूण करणारा ‘कॉल’ हा शब्दसुद्धा लिहिलेला नसतो.

उसनवारीच्या आणखीही काही मर्यादा आहेत. ॲरेची लांबी बदलता येते, समुच्चयाची केवळ वाचता येते. म्हणून शेवटी भर घालण्याची क्रिया उसनी घेऊन समुच्चयावर चालविली, तर ती चूक नोंदवून थांबते. दोन याद्या जोडणाऱ्या ‘कॉनकॅट’ या क्रियेला समुच्चय दिला, तर ती त्याचे सदस्य उलगडत नाही. संपूर्ण समुच्चयालाच एक सदस्य मानून शेवटी ठेवते. म्हणजे ॲरेच्या क्रियांपैकीही काही ‘सारखेपणा’वर समाधान मानतात आणि काही ‘तेच’पणाचा आग्रह धरतात. हा भेद ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी ‘ॲरेसारखे’ हा शब्द अर्धसत्य ठरतो.

कलमाची दोन फळे

कलमाविषयी वर केलेले विधान केवळ तात्त्विक नाही. त्याचे परिणाम दोनदा सार्वजनिकरीत्या दिसून आले.

सॅम स्टीफन्सन यांच्या प्रोटोटाइप या २००५ सालच्या ग्रंथालयाने, म्हणजे तयार कार्यक्रमांच्या संचाने, वर्गनामावरून घटक शोधण्याची एक क्रिया डॉक्युमेंटला जोडली होती. तिचे उत्तर ॲरेच्या रूपात मिळे आणि त्या ॲरेला ‘ईच’ ही प्रोटोटाइपची क्रिया असे. पुढे २००८ साली सफारी व फायरफॉक्स यांच्या नव्या आवृत्त्यांत त्याच नावाची क्रिया ब्राउझरनेच पुरविली. तिचे उत्तर मात्र जिवंत समुच्चय हे होते, आणि त्यात ‘ईच’ नव्हती. नाव तेच राहिले, वस्तू बदलली. आणि जुन्या नावावर विसंबलेले कार्यक्रम मोडले.

दुसरा प्रसंग दहा वर्षांनी घडला. मूटूल्स या ग्रंथालयाने ॲरेच्या साच्यावर ‘फ्लॅटन’ नावाची स्वतःची क्रिया बसविली होती, आणि ॲरेच्या साच्यावर मोजणीत येणाऱ्या सर्व क्रिया एकामागून एक उचलून तो आपल्या घटक-समुच्चयाच्या साच्यावर चिकटवीत असे. घटकांच्या समुच्चयाला ॲरेपण देण्याची ही सर्वांत सढळ रीत म्हणावी लागेल. पुढे प्रमाणसंहितेत त्याच नावाची क्रिया घालण्याचे ठरले. भाषेच्या अंगभूत क्रिया मोजणीत येत नाहीत. म्हणून ती क्रिया ब्राउझरने पुरविताच मूटूल्सची नक्कल करण्याची फेरी तिला ओलांडून पुढे जाऊ लागली, घटक-समुच्चयाला ती मिळेनाशी झाली, आणि तिच्यावर विसंबलेली जुनी पृष्ठे मोडू लागली. या प्रश्नावर २०१८ साली मोठा वाद झाला. अखेर प्रमाणसंहितेनेच माघार घेतली आणि क्रियेचे नाव ‘फ्लॅट’ असे केले. ते नाव २०१९ च्या आवृत्तीत रूढ झाले. एका ग्रंथालयाने सोयीसाठी केलेल्या कलमामुळे संपूर्ण भाषेच्या शब्दसंग्रहातील एक शब्द बदलावा लागला, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे.

प्रमाणाची तडजोड

प्रमाणकर्त्यांनी या प्रश्नाची दखल घेतली नाही असे मात्र नाही. ॲरेपासूनच जन्मलेला, म्हणून खऱ्या अर्थाने त्याच्या कुळातला असा एक नवा घटक-समुच्चय काही काळ प्रमाणाच्या मसुद्यात होता. परंतु ब्राउझरांनी तो प्रत्यक्षात आणला नाही आणि पुढे तो मसुद्यातून वगळण्यात आला. टिकला तो तडजोडीचा मार्ग. नोडलिस्टला ‘फॉरईच’ ही क्रिया अधिकृतपणे देण्यात आली, आणि २०१६ साली क्रोम व फायरफॉक्स यांत ती आली.

या तडजोडीवर दोन आक्षेप घेता येतात. पहिला असा, की ती अर्धी आहे. नोडलिस्टला ‘फॉरईच’ मिळाली, पण ‘मॅप’ व ‘फिल्टर’ मिळाल्या नाहीत. एचटीएमएलकलेक्शनला तर ‘फॉरईच’ही मिळाली नाही. पूर्ण भेद लक्षात ठेवणे सोपे असते, पूर्ण साम्यही सोपे असते. अर्धे साम्य हे तिसरेच पाठांतर होऊन बसते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नोडलिस्ट हे एकच नाव दोन भिन्न स्वभावांच्या वस्तूंना दिलेले आहे. एखाद्या घटकाच्या अपत्यांची नोडलिस्ट जिवंत असते. ‘क्वेरीसिलेक्टरऑल’ या क्रियेने मिळणारी नोडलिस्ट स्थिर असते. दोघींचे नाव एक, रूप एक, क्रिया एक. आणि ज्या गोष्टीवर कोशातील तीन शब्दांचे भवितव्य ठरते तीच नावात नोंदलेली नाही. ज्या समुच्चयाला जिवंतपणामुळे धोका आहे त्यालाच ‘फॉरईच’ देऊन प्रमाणाने तो धोका अधिक सुलभ केला, असे म्हणावे लागते.

या आक्षेपांना एक उत्तर देता येईल, आणि ते न्यायाने नोंदविले पाहिजे. अब्जावधी पृष्ठे ज्या नावांवर उभी आहेत ती नावे बदलणे प्रमाणकर्त्यांच्या हाती राहिलेले नाही. एचटीएमएलकलेक्शन हा इतिहासाचा अवशेष असून तो दूर करता येत नाही, अशी कबुली आजच्या डॉम प्रमाणातच दिलेली आहे, आणि नव्या रचनांत असे समुच्चय वाढवू नयेत असा सल्लाही तेथे आहे. जिवंत भाषेच्या व्याकरणकाराची स्थिती याहून निराळी नसते. त्याला अनियमित रूपे काढून टाकता येत नाहीत. ती अनियमित आहेत एवढे सांगता येते. मात्र ते सांगण्याचे काम त्याने टाळता कामा नये.

उपसंहार

‘अ’च्या बाराखडीकडे आता पुन्हा पाहिले असता तिचे गुणदोष अधिक स्पष्ट होतात. तिच्या पुरस्कर्त्यांचा कार्यातिदेश तर्कदृष्ट्या निर्दोष होता. ‘अ’ला वेलांटी लावता येते यात शंका नाही. परंतु रूपाचे साम्य म्हणजे वस्तूचे ऐक्य नव्हे, ही गोष्ट आज संगणकाने अनपेक्षितपणे सिद्ध केली आहे. युनिकोड या संकेतप्रणालीत ‘इ’ हे एक स्वतंत्र अक्षर आहे, आणि ‘अि’ ही ‘अ’ व वेलांटी या दोन चिन्हांची माळ आहे. यंत्राच्या लेखी ती दोन्ही कधीच समान ठरत नाहीत. इतकेच नव्हे, तर ज्या ‘ओ’मध्ये ‘अ’ व त्यावरील चिन्ह डोळ्यांना स्पष्ट दिसते, त्यालाही तेथे स्वतंत्र व अविभाज्य अक्षर म्हणूनच स्थान आहे. वर्ध्यात त्या काळी छापलेला मजकूर आज जसाच्या तसा संगणकावर उतरविला, तर ‘इतिहास’ हा शब्द शोधणाऱ्याला ‘अितिहास’ सापडणार नाही. दोन्ही रूपे एकच आहेत असे गृहीत धरून भागत नाही. एकाचे दुसऱ्यात रूपांतर कोणीतरी जाणीवपूर्वक करावे लागते.

घटक-समुच्चयांच्या बाबतीतही हाच निष्कर्ष निघतो. ॲरेच्या क्रिया हव्या असतील तर समुच्चयाची प्रथम प्रतिलिपी करावी, आणि ती करीत असल्याचे कार्यक्रमात उघडपणे लिहावे. ‘ॲरे.फ्रॉम’ हे दोन शब्द कंटाळवाणी पुनरुक्ती नाहीत. येथे एका जातीची वस्तू दुसऱ्या जातीत नेली आहे, असे वाचणाऱ्याला सांगणारी ती खूण आहे. उसनवारी करावयाची तर समुच्चय स्थिर असल्याची खात्री असेल तेथेच करावी. परक्या साच्यावर कलम मात्र करू नये.

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीच्या माहिती तंत्रज्ञान या विषयात जावास्क्रिप्टचा समावेश आहे. वर्धा, आर्वी किंवा हिंगणघाट येथील विद्यार्थी तिची ओळख करून घेईल ती बहुधा एखाद्या लहानशा पृष्ठावरील लहानशा यादीच्या निमित्ताने. त्या वेळी ‘हे ॲरेसारखेच आहे’ असे सांगून पुढे जाणे शिक्षकाला सोपे असते. त्याऐवजी ‘हे ॲरेसारखे आहे, पण इतपतच’ असे सांगण्यास एक तासिका अधिक लागेल. सरकी, डवरा आणि ढेप हे शब्द यादीत राहतील की नाही, हे त्या एका तासिकेवर अवलंबून आहे.